संशयास्पद मृत्यूतील साक्षी कशा पारखाव्यात

हॉलिवूड अभिनेत्री मर्लिन मन्रोचा मृत्यू ऑगस्ट 1962 मध्ये लॉस एंजलिसमधील राहत्या घरी झाला. अशा प्रकरणातील साक्षी वाचताना प्रथम प्रत्येक जबाबाची तारीख लिहून काढावी, कारण घटनेनंतर काही तासांत दिलेला जबाब आणि वीस वर्षांनी मुलाखतीत सांगितलेली आठवण यांना एकच वजन देता येत नाही.

त्यानंतर साक्षीदाराने स्वतः काय पाहिले आणि काय ऐकले किंवा तर्काने जोडले, हे वेगळे करावे. त्या रात्री मन्रोच्या घरी मुक्कामी असलेल्या, तिचे घर सांभाळणाऱ्या युनिस मरे यांनी पहाटे झोपेच्या खोलीत दिवा दिसल्याचे पोलिसांना सांगितले. पुढे त्यांच्या कथनातील तपशील बदलत गेले, आणि त्यांची उत्तरे मोघम असल्याची नोंद त्या वेळच्या पोलीस अहवालातही आहे. मात्र विसंगती म्हणजे लबाडी नव्हे. धक्का, वय, वारंवार विचारलेले प्रश्न यांनी प्रामाणिक माणसाचीही आठवण सरकते. उलट दोन साक्षीदारांचे शब्दही तंतोतंत जुळले, तर मला अधिक शंका येते.

प्रत्येक विधान भौतिक पुराव्याशी ताडून पाहावे. येथे शवविच्छेदनात रक्तात बार्बिट्युरेट आणि क्लोरल हायड्रेट ही झोपेची औषधे आढळली होती. साक्षीदाराला पुस्तक, पैसा वा प्रसिद्धी यांतून लाभ झाला का, हेही तपासावे. 1982 मध्ये जिल्हा अभियोक्त्याच्या कार्यालयाने फेरतपासणी केली, तेव्हा खुनाचा विश्वासार्ह पुरावा आढळला नाही.