गोष्टीची मोजणी कशी करावी

एकतीस वर्षं मी भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी माणूस होतो. ठाणे, भिवंडी, पनवेल, मुरबाड असा साखळी आणि टिपणाची नक्कल घेऊन बांधाबांधाने हिंडलो. निवृत्तीनंतर ठाण्यातल्या नौपाड्यात आम्ही दहा-बारा जण महिन्यातले दोन शनिवार जुन्या गोष्टी वाचायला जमतो. कधी बखर, कधी पुराण, कधी शिलालेख. नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो, हजारदा ऐकलेल्या गोष्टीत नवं काय बघायचं आणि कसं? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मोजणीचा एक नियम आहे. लगतधारकांना, म्हणजे लगतच्या जमिनीच्या मालकांना, नोटीस गेल्याशिवाय साखळी टाकायची नाही. अर्जदार आपली हद्द अगदी ठामपणे दाखवतो. तो बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो, त्याच्या बांधावरून त्याला तेवढंच दिसतं. चारी बाजूंच्या माणसांना बोलावलं की मग कुठे जमिनीचा आकार समजायला लागतो. गोष्टीचंही तसंच आहे. नवा दृष्टिकोन म्हणजे रावणाला बरा ठरवायचा आणि रामाला वाईट, असं पुष्कळांना वाटतं. त्याने फक्त सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, शेत कोणी पाहिलेलंच नसतं.

सुरुवात जवळच्या आणि लहान गोष्टीपासून करा. अख्खं महाभारत हाती घेऊ नका. एक प्रसंग घ्या, शक्यतो असा, की ती जागा तुम्हाला चालत जाऊन पाहता येईल. मी ठाणेकरांना त्रिंबकजी डेंगळ्याच्या सुटकेपासून सुरुवात करायला सांगतो.

ठाण्याचा तुरुंग हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांकडे आणि १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेलेला. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. ठपका दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला आणि इंग्रजांनी त्याला इथे आणून डांबलं. पहाऱ्यावर गोरे शिपाई ठेवले. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री तो निसटला. सांगतात ते असं, की एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा नोकर, घोडा फिरवताना खिडकीखालून गाणं म्हणायचा. बाहेरचा निरोप त्या गाण्यातून आत जायचा. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं.

आता वही उघडा आणि आधी कागदाची तारीख मांडा. घडलं कधी, लिहिलं कधी, लिहिलं कोणी, कोणाच्या भाषेत. कलकत्त्याचे इंग्रज बिशप हेबर १८२५ मध्ये या भागात आले, त्यांच्या रोजनिशीत ही हकीकत आहे, म्हणजे नऊ वर्षांनंतरची. ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर १८८२ चं, म्हणजे सहासष्ट वर्षांनंतरचं. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून ठाण्यात उभं आहे. अशा कामात काय मागायचं ते नेमकं ठाऊक नसलं तरी कपाटाजवळच्या माणसाला विषय सांगा, तो वाट दाखवतो.

हेबर यांनी त्या गाण्याचा आशय इंग्रजी पद्यात दिला आहे. झुडपाआड तिरंदाज दडलेत, झाडाखाली घोडा उभा आहे, रानवाटेने माझ्याबरोबर येईल असा वीर कुठे मिळेल? पंचावन्न घोडे आहेत आणि माणसं चोपन्न. पंचावन्नावा स्वार झाला की दख्खनला पुन्हा बरे दिवस येतील. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिरंदाजांपाशी अडलो. १८१६ साली, बंदुकांच्या काळात तिरंदाज? इंग्रज साहेबाने त्याच्या विलायतेतल्या जुन्या पोवाड्यांतून उचलून इथे आणले, असं मी धरून चाललो. सहा महिन्यांनी इंग्रजी कागदांतच दिसलं, की सुटल्यावर त्रिंबकजीने जमवलेल्या लोकांत भिल्ल, रामोशी आणि मांग होते. भिल्लांच्या हाती धनुष्य असणारच. ज्यांच्या जिवावर हा डाव उभा राहिला ती माणसं गोष्टीत झुडपाआड दडलेली आहेत आणि आपणही त्यांना तिथेच बसवून ठेवलंय. त्या एका शब्दासाठी ही गोष्ट मी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

मग लगतधारकांची यादी करा. प्रसंगात हजर असलेले, ज्यांचं नुकसान झालं ते, आणि ज्यांच्या अंगणातून गोष्ट गेली ते. आमच्या यादीत मोतद्दार, त्याचा साहेब, गोरा शिपाई, झुडपाआडचे भिल्ल, बडोद्याला गंगाधरशास्त्र्यांची वाट पाहणारं घर आणि खाडीकाठचे कोळी आले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुला त्या रात्री काय दिसत होतं? काय वाटत होतं, हे लगेच विचारू नका. भावना आपण आपल्याच पदरच्या घालतो. दिसणं मात्र तपासता येतं.

उदाहरण देतो, कारण मला यात सगळ्यात जास्त आनंद मिळाला. त्या रात्री उजेड किती होता? त्या सप्टेंबरातली पौर्णिमा सहा तारखेच्या आसपासची येते. म्हणजे बारा तारीख ही भाद्रपद वद्य षष्ठीच्या जवळपासची. पितृपक्ष चालू होता. चंद्र रात्री दहाच्या सुमारास उगवणार, तोवर अंधार. ठाणं साष्टी बेटावर, घाटावर जायचं तर खाडी ओलांडणं आलंच. हे मी आमच्या गटातल्या चेंदणी कोळीवाड्यातल्या काकांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, "अष्टमी जवळ आली म्हणजे भांगाचं पाणी. उधाण नाही. होडीला बरं." कुठल्याही कागदात नसलेली गोष्ट त्यांनी एका वाक्यात दिली. खाडीकाठची माणसं तिथीवरून पाणी ओळखतात, हे मला इतकी वर्षं ठाऊक होतं आणि इतिहास वाचताना कधी आठवलं नव्हतं.

पंचांग, भरती-ओहोटी, पीकपाणी, पाऊस हे चार साक्षीदार कोणाचीच बाजू घेत नाहीत. त्यांना आधी बोलवा.

जागेवर जा. तुरुंगाच्या आत जाता येणार नाही, पण भिंतीलगतच्या रस्त्याने संध्याकाळी सातला चाला आणि तिथून खाडीपर्यंत पावलं मोजा. घरी बसून नकाशावर बोट फिरवणं वेगळं आणि पायाखाली अंतर येणं वेगळं.

यापुढचा नियम मी चूक करून शिकलो. कागदात आहे ते शाईने लिहायचं, आपल्या मनातलं पेन्सिलने. पहिल्या वर्षी हे पाळलं नाही. मोतद्दारावर एक कथन लिहिलं, त्याला छानसं नाव दिलं, गाव दिलं, शनिवारी वाचून दाखवलं. लोकांना फार आवडलं. दोन वर्षांनी एका लग्नात एक अनोळखी गृहस्थ मला त्याच मोतद्दाराचं नाव-गाव खरा इतिहास म्हणून सांगायला लागले. माझ्या घशाला कोरड पडली. नोकरीत एका खोट्या खुणेपायी दोन भावांचा संसार कोर्टात गेलेला मी पाहिलेला आहे. तेव्हापासून कथनाच्या सुरुवातीलाच सांगतो, की मोतद्दाराचं नाव मी ठेवलंय, पंचावन्न घोडे हेबर यांचे आहेत. गोष्टीची गोडी त्याने कमी होत नाही, उलट ऐकणारा स्वतः विचार करू लागतो.

हाच रस्ता दगडांनाही चालतो. शिलाहार या कोकणच्या जुन्या राजघराण्याच्या काळातले गधेगाळ, म्हणजे शाप कोरलेले दगड, कोकणात जागोजागी सापडतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये कधी लेख, खाली गाढव आणि स्त्री. दान दिलेली जमीन कोणी हिरावली तर त्याच्या आईची विटंबना होईल, असा तो शाप. परळला सापडलेल्या शिलाहार राजा अपरादित्याच्या शके ११०८ च्या लेखात हा शाप मराठीत आहे, बाकी मजकूर संस्कृतात. पुष्कळ जण हसतात किंवा तोंड फिरवतात. तुम्ही थांबा आणि लगतधारक मोजा. राजा आहे, दान घेणारा आहे, हद्द मोडणारा आहे. शिक्षा मात्र त्या बाईला, जिने काहीच केलेलं नाही. आणि शाप मराठीतच का? कारण तो ज्यांना कळायला हवा होता त्यांना संस्कृत येत नव्हतं. काही अभ्यासक त्या स्त्रीला भूमी मानतात, गाढवाचा नांगर फिरवलेली जमीन. मोजणीदार म्हणून मला तो अर्थ जवळचा वाटतो, तरीही त्या आईचा जबाब मी वहीत रिकामा ठेवलाय आणि तो कोणी बाईनेच लिहावा असं मला मनापासून वाटतं.

पुराणकथेत मात्र एक प्रश्न जास्तीचा विचारा: ही कथा कोणी आपली म्हटली? ठाण्याचे शिलाहार स्वतःला पुराणकथेतल्या जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत, तो विद्याधर म्हणजे देवगणांतला एक. गरुडाला रोज एक नाग खायला द्यायचा करार होता. शंखचूडाची पाळी आली, त्याची आई आक्रोश करत होती, तेव्हा जीमूतवाहन त्याच्या जागी शिळेवर जाऊन बसला. हर्षाच्या 'नागानंद' नाटकात तो त्याआधी पांढऱ्या पर्वतासारखे ढीग पाहतो आणि त्याला कळतं, की या खाल्लेल्या नागांच्या अस्थी आहेत. शिलाहारांचं एक बिरुद 'शरणागतवज्रपंजर', शरण आलेल्याला वज्राचा पिंजरा. आणि ताम्रपटांच्या मुद्रेवर कोण? गरुड! खाणारा मुद्रेवर आणि वाचवणारा वंशावळीत. त्या ढिगातल्या नागांच्या आयांकडे कोणी गेलं होतं का, इथून तुमचं कथन सुरू होऊ शकतं. नाटक अनुवादात का होईना, पण पूर्ण वाचा. सारांशावर काही उभारू नका.

लोकगीतांना वेगळी रीत लागते. तिथे कागद नसतो, माणूस असतं. आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवले, म्हणजे लग्नगीतं, गाते आणि लग्नाचे विधीही तिच्याच गाण्यावर चालतात. तेराव्या शतकातल्या महानुभाव कवयित्री महदंबेचं काव्यही 'धवळे', तेही कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचं. हा धागा मनात धरून मी घणसोलीला एका काकींकडे गेलो. सोबत फोन रेकॉर्डिंगसाठी, वही, प्रश्नांची यादी. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, काकी, एखादा धवला म्हणाल का? त्यांनी वर न बघता विचारलं, कोणाचं लग्न आहे? मला वाटलं नाही म्हणायची ही रीत असेल. मग त्यांनी समजावलं, की गाण्यात नवरीचं नाव, तिच्या आईचं नाव, मामाचं नाव यायला जागा असते. नाव नसेल तर गाणं पुढे सरकत नाही.

मी फोन बंद करून खिशात ठेवला आणि पुण्याच्या नातीचं नाव सांगितलं. तिच्या आईचं, मामाचंही. काकींनी सूप बाजूला सरकवलं, हात पदराला पुसले आणि सुरू केलं. वीसेक मिनिटं गात होत्या. लोकलमध्ये बसल्या बसल्या आठवेल तेवढं शाईने लिहून काढलं. जिथे शब्द निसटला होता तिथे पेन्सिलीनेही काही भरलं नाही, नुसती रेघ सोडली. येत्या तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा जायचंय, त्या रेघा घेऊन.