मृगाच्या आत पिकअपचे टायर बघा, आणि पाणंदीत सोडलेली हवा परत भरा

मृग ७ जूनच्या आसपास निघतोय, त्याच्या आधी वळीव एकदोनदा झोडपून जाणारच, म्हणजे पाणंदी, शेतातल्या कच्च्या वाटा, आत्तापासनंच बसायला लागणार. बियाणं-खताचं सांगणारे भरपूर आहेत, मी माल शेताबाहेर काढणाऱ्या गाडीचं सांगतोय, कारण पावसाळ्यात भाजी किडीनं जाते तशी टायरनंपण जाते आणि ते कुणी नुकसानीत धरत न्हाई.

कसं होतंय बघा. शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात काळं रान, पिकअप टोमॅटोच्या क्रेटनी भरली, पाणंदीत मागची चाकं जाग्यावर फिरायला लागली. मग कोणतरी सांगतंय, हवा सोड. ड्रायव्हर काडीनं व्हॉल्व्हची पिन दाबतोय, अंदाजानं फुस्स करतोय, गाडी बाहेर येते, सगळे खूश. आणि तीच गाडी तेवढ्याच हवेवर, वर दीड टन माल घेऊन, हायवेला लागते नि ७०-८० च्या स्पीडनं वाशीच्या मार्केटला निघते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बगलेत, म्हणजे बाजूच्या भिंतीत, दुमडतो, दुमडून तापतो, आणि कराड-साताऱ्याच्या पुढं कुठंतरी रात्री दोन वाजता बसतो. खालचे क्रेट चेपले, जॅक लावायला निम्मा माल उतरवला, पोचेपर्यंत लिलाव उरकलेला. विक्रीची पट्टी हातात आली की भाडंसुद्धा निघत न्हाई.

असा फुटलेला टायर रिमवरनं काढला की आत हात घालून बघा. काळा रबराचा भुगा निघतो मूठभर, आणि बगलेच्या आतनं गोल एक चरा पडलेला असतो पूर्ण फेरभर. ती कमी हवेची खूण, खिळ्याची न्हवं. दुकानदार मात्र तो भुगा झटकून टाकतो आणि म्हणतो टायर हलका होता, ऑफरोडचा जाड नक्षीचा घ्या. तोपण कमी हवेवर पळवला तर तसाच फुटणार, फक्त जास्त पैशाचा फुटणार.

आता घ्यायचाच असेल तर नक्षी शेवटी बघा, आधी बगलेवरचे आकडे वाचा. साइज ही दाराच्या खांबावरच्या स्टिकरला असेल तीच. त्याच्यापुढं लोड इंडेक्स असतो: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२०. आपल्याकडं काट्याला तोटा न्हाई, एकदा भरलेल्या गाडीची नुसती मागची चाकं काट्यावर घेऊन वजन करा आणि दोनानं भागा, मग कळतंय आपण टायरवर काय लादतोय ते. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायर किती दणकट त्याचा आकडा, भरून पळणाऱ्या पिकअपला ८ च्या खाली जाऊ नका. कारचा टायर स्वस्तात बसतोय म्हणून बसवणारे आहेत, त्यांना काय बोलायचं.

तारीखपण बघा. बगलेवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २२२४ म्हणजे २०२४ चा २२ वा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला माल 'स्कीम' म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येतो. वर्षाच्या आतला द्या म्हणून अडून बसा, देतात.

नक्षीचं म्हणाल तर मड टेरेन, म्हणजे मोठ्या ठोकळ्यांचा टायर, चिखल बाहेर फेकतो हे खरं. पण आपली गाडी पाणंदीत अर्धा किलोमीटर आणि डांबरावर तीनशे. डांबरावर तो लवकर झिजतो, आवाज करतो, डिझेल खातो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला गाडी लांब जाते. बहुतेकांना ऑल टेरेन, म्हणजे मधल्या नक्षीचा, पुरतो. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडं जांभा आणि धारदार दगड, तिथं चिखलापेक्षा बगल फाटायची भीती जास्त, म्हणून तिथं नक्षीपेक्षा बगल किती दणकट आहे ते बघा. करूळ नाहीतर आंबा घाट रोजचा असेल तर मड टेरेनचं नावच काढू नका. काळ्या रानात माझा अनुभव असा की रुंद टायर वरच्या वर घसरत बसतो आणि अरुंद टायर खाली कठीण थराला जाऊन पकडतो. शोरूमवाले याच्या उलट सांगतील, सांगू देत.

ज्याला पैसे घालू नका:
– नायट्रोजन. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.
– एक साइज मोठा टायर. स्पीडोमीटर कमी दाखवतो, चढाला ओढ कमी होते, वळताना घासतो, इन्शुरन्सवाला बोट दाखवतो.
– मॅगव्हील, म्हणजे अलॉयची शोभेची चाकं.
– पुढच्या चाकांना रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्यावर नवी नक्षी चढवलेला टायर.

परत हवेवर येतो, कारण सगळं तिथंच अडतंय. भरलेल्या गाडीचा स्टिकरवरचा पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा, हाच डोस, तो गार टायरला मोजायचा, म्हणजे सकाळी गाडी हलवायच्या आधी. बगलेवर लिहिलेला कमाल आकडा हा डोस न्हवं. वाटेत धाब्यावर गेज लावला की आकडा चार-पाचनं वाढलेला दिसतो, ती गरम हवा आहे, ती सोडायची न्हाई. लाथ मारून, नुसतं बघून काही कळत न्हाई, रेडियलची बगल तशीही थोडी फुगलेलीच दिसते. पाणंदीत हवा कमी करायचीच असेल तर रिकाम्या गाडीची, गेज लावून, आणि भरायच्या आधी परत पूर्ण. भरलेल्या गाडीची हवा सोडायचीच न्हाई. पाणंदीत चालत जावा, टाच घोट्यापर्यंत गेली तर गाडी आत घालू नका, ट्रॅक्टर-ट्रॉलीनं क्रेट डांबरापर्यंत आणा. दोन तास जातील, माल जाणार न्हाई.

बाकीची नेहमीची कामं:
– नक्षी १.६ मिमी ही कायद्याची हद्द, पावसाळ्यात ३ च्या खाली आली की बदला
– एका अ‍ॅक्सलला दोन्ही टायर सारखे, रेडियल-नायलॉन मिसळायचे न्हाईत
– ८-१० हजार किलोमीटरला चाकं अदलाबदल, अलाइनमेंट
– चाक काढल्यावर ५०-१०० किलोमीटरनं नट परत आवळणे
– व्हॉल्व्हची टोपी, स्टेपनीची हवा, जॅकखाली फळी

पुराचं म्हणाल तर कोल्हापूरला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. ३९ च्या आसपास आकडा ऐकला की गाडी रिकामी करून वरच्या अंगाला लावा. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या गाड्या पाण्यात राहिल्या त्यांना माहीत आहे. चाकं बुडाली असतील तर डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं, ऑइल दुधाळ झालंय का बघितल्याशिवाय चालवू नका.

गेज आणि १२ व्होल्टचा पंप गाडीतच ठेवा. पंप थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या, सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचे छोटे पंप कारच्या ३०-३३ पीएसआयला ठीक आहेत, भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरला ५० च्या वर चढवताना तापून बंद पडतात.