जुना टेपरेकॉर्डर सापडला? प्लग लावू नका

माळा आवरताना कुणाला स्पूलचा टेपरेकॉर्डर सापडला की मला फोन येतो: "चालू करून बघू का?" नको! आधी फोटो काढा. मागची पाटी, अनुक्रमांक, झाकण उघडल्यावर दिसणारी एकूण एक वायर. पन्नास-साठ फोटो झाले तरी चालतील.

आतला रबरी पट्टा बहुधा वितळून डांबरासारखा झालेला असतो. बोटांना लागला तर दोन दिवस निघत नाही. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुली पुसा, नवा पट्टा घाला. काढलेला कपॅसिटर, स्क्रू, फुटकं बटणसुद्धा फेकायचं नाही. पिशवीत घालून वर तारीख लिहायची. यंत्र कसं बांधलं होतं, ते पुढच्या माणसाला या भंगारातूनच कळणार आहे.

तोच बोळा लाखेच्या तबकडीला, म्हणजे जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डला, मात्र लावू नका. मी लावलाय. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते हे ठाऊक असून, केवळ बोळा हातात होता म्हणून! तो काळपट झाला आणि तबकडीवर बोटभर निस्तेज पट्टा राहिला, तो कायमचाच. तिला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश पुरतो.

सुईही बघून लावा. 78च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकडीची खोबण रुंद असते, तिला साधारण 75 मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. 1948 साली आलेल्या एलपीची (लाँग प्ले तबकडीची) 25 मायक्रॉनवाली सुई त्या खोबणीच्या तळाशी जाते आणि खरखरच जास्त ऐकू येते. शिवाय 78 हा आकडा प्रमाण मानू नका; सुरुवातीच्या कितीतरी तबकड्या वेगळ्याच वेगाने मुद्रित झाल्यात. सूर ऐकून वेग ठरवा आणि तो लिहून ठेवा.

फितीचा आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस आला तर ती ॲसिटेटची, कुजायला लागलेली. ती बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि नक्कल तिचीच आधी करा. नक्कल डिजिटल: 24 बिट, 96 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. खरखर काढायची हौस दुसऱ्या प्रतीवर भागवा.

मशीनचा स्वतःचा आवाजही मुद्रित करा, बटणाच्या खटक्यासकट. आणि जुना मेकॅनिक भेटला तर त्याला हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) जुळवायला सांगून व्हिडिओ घ्या. मला शिकवणारे काका स्क्रू किंचित फिरवून थांबायचे, गाण्यातला 'स' कोरडा, टोकदार ऐकू आला की म्हणायचे, "बस." कॅमेरा चेहऱ्यावर नको, पेचकसावर धरा.