पऱ्हाटीचा गॅस: उष्णताप्रेमी जिवाणूंच्या टाकीत या चुका टाळा

पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली वाळकी झाडं, शेणकाल्यासोबत तापवलेल्या बंद टाकीत कुजवून जळाऊ गॅस काढता येतो. "आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो, मग टाकी वेगळी तापवायची कशाला?" अकोल्यापासून चंद्रपूरपर्यंत हा प्रश्न हमखास येतो आणि पहिली चूक इथेच होते. उष्णताप्रेमी जिवाणूंना साधारण 50 ते 60 अंश लागतात, तेही रात्रंदिवस. 40 ते 45 चा टप्पा तर सगळ्यात वाईट. साध्या गोबरगॅसच्या जिवाणूंना तो जास्त होतो, यांना कमी पडतो. म्हणून गरम पाण्याची नळी टाकीच्या आतून फिरवा, बाहेरून तणसाचं जाड वेष्टण द्या आणि 55 अंश धरून ठेवा. दोन अंशांपेक्षा जास्त चढउतार नको. तापमापक टाकीच्या भिंतीला टेकवून काही कळत नाही, तो मधल्या रबडीत उतरला पाहिजे.

दुसरी चूक पऱ्हाटीची. क्लोस्ट्रिडियम थर्मोसेलमसारखा जिवाणू 60 अंशांच्या आसपास सेल्युलोज, म्हणजे काडीतला तंतू, झपाट्याने फोडतो, पण त्याभोवतीचं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा भाग, त्याला पचत नाही. बोटभर लांबीचे तुकडे टाकले तर ते वर तरंगतात, साय धरतात आणि गॅस अडतो. पऱ्हाटी श्रेडरमधून बारीक काढा, चुन्याच्या पाण्यात भिजवा, मग शेणकाल्यात मिसळा. सोयाबीनचं कुटार सोपं जातं हे खरं, पण ढोरांच्या तोंडचा चारा टाकीत घालणं मला पटत नाही. पऱ्हाटी तशीही धुऱ्यावर (बांधावर) जळतेच. मात्र वर्षभर पुरावी म्हणून तिचे ढीग शेतात रचून ठेवू नका. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते. वेचणी संपली की लगेच भुगा करा.

तिसरी चूक घाईची. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो सोडून द्या. पेटला नाही म्हणून आणखी माल ढकलला की आम्ल साचतं, आंबट वास सुटतो, सामू (pH) 6.5 च्या खाली जातो आणि मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव थंडावतात. अशा वेळी माल बंद करा, तापवणं नव्हे. युरिया किंवा कोंबडीखताचा मारा तर अजिबात नको, कारण जास्त तापमानात अमोनिया अधिक बाधतो. "बघू तरी" म्हणून झाकण उघडलं की हवा शिरते, आणि या सूक्ष्मजीवांना हवा चालत नाही.

याच टाकीतून इथेनॉल, म्हणजे इंधन म्हणून वापरायचं अल्कोहोल, काढण्याचं विचाराल तर तो नाद गावपातळीवर सोडलेला बरा. हे जिवाणू इथेनॉलसोबत अॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजनही बनवतात. इथेनॉल पातळ निघतं, ते ऊर्ध्वपातनाने (उकळून, वाफ थंड करून) वेगळं करायला पुन्हा इंधन लागतं.

हिवाळ्यात वहीत रोज दोनच आकडे लिहा, गॅस किती निघाला आणि टाकी तापवायला किती गेला. टाकी जितकी लहान, तितकी उष्णता जास्त निसटते. निम्म्याहून अधिक गॅस तापवण्यातच जात असेल, तर ती टाकी हळूहळू 35 अंशांवर आणून साध्या गोबरगॅससारखी चालवा.