'गूगलने लॉगिन करा' बटण लावताय? या चुका टाळा

लोकलहोस्टवर (स्वतःच्या संगणकावर) सगळं नीट चालतं. सर्व्हरवर टाकलं की वापरकर्ता गूगलचं खातं निवडतो, क्षणभर चक्र फिरतं आणि तो पुन्हा लॉगिनच्याच पानावर येऊन पडतो. एरर नाही, लॉगमध्येही काही नाही. मग बहुतेक जण गूगलच्या कन्सोलमध्ये क्लायंट आयडी (तुमच्या ॲपची गूगलकडची ओळख) तपासत बसतात. पण वापरकर्ता एरर न येता गूगलकडून परत आला, म्हणजे क्लायंट आयडी बरोबर आहे. घोळ बहुधा तुमच्या कुकीत असतो.

लॉजवर आधार कार्ड एकदाच दाखवायचं असतं. नंतर खोलीच्या किल्लीवर काम चालतं. गूगलकडून येणारं आयडी टोकन हे ते आधार कार्ड, आणि किल्ली म्हणजे तुमची सेशन कुकी. किल्ली बनवणं आणि जपणं हे तुमचं काम आहे. गूगल त्यात नाही.

म्हणून कोडला हात लावण्याआधी ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडा, 'प्रिझर्व्ह लॉग' चालू करा आणि कॉलबॅकच्या (गूगल वापरकर्त्याला तुमच्या ज्या पत्त्यावर परत पाठवतं त्याच्या) उत्तरात सेट-कुकी हेडर आहे का ते बघा. हेडरच नसेल तर दोष सर्व्हरकडे. हेडर आहे, पण पुढच्या रिक्वेस्टसोबत कुकी परत जात नाही, तर ती ब्राउझरने नाकारली आहे. क्रोम अशा कुकीशेजारी इशाऱ्याचा त्रिकोण दाखवतं. त्यावर माउस नेला की कारणही सांगतं. निम्म्या वेळा तपास इथेच संपतो.

एनजिनएक्सच्या मागे हरवलेली कुकी

एनजिनएक्स हा ॲपच्या पुढे उभा असलेला प्रॉक्सी सर्व्हर. एचटीटीपीएस त्याच्यापाशीच संपतं आणि आतल्या ॲपला साधं एचटीटीपी दिसतं. त्यातून दोन वेगवेगळे आजार होतात. पहिला, ॲप कॉलबॅकचा पत्ता एचटीटीपीने बनवतं आणि गूगल '४००: रिडायरेक्ट यूआरआय मिसमॅच' म्हणून दारातूनच परत पाठवतं. (तो पत्ता कन्सोलमध्ये नोंदवलेल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळावा लागतो. शेवटची तिरकी रेघ, पोर्ट, लोकलहोस्टऐवजी १२७.०.०.१, काहीही खपत नाही.) दुसरा आजार छुपा आहे: एक्सप्रेस-सेशनमध्ये (नोडच्या एक्सप्रेसमध्ये सेशन सांभाळणारं पॅकेज) 'सिक्युअर', म्हणजे कुकी फक्त एचटीटीपीएसवर जावी ही खूण, चालू असेल आणि कनेक्शन सुरक्षित दिसत नसेल, तर ते कुकी पाठवतच नाही आणि एररही देत नाही.

दोन्हींवर इलाज एकच. एनजिनएक्सने मूळ प्रोटोकॉलचं एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर पुढे द्यायचं आणि ॲपला त्यावर विश्वास ठेवायला सांगायचं: एक्सप्रेसमध्ये 'ट्रस्ट प्रॉक्सी', जँगोमध्ये 'सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर' ही सेटिंग. बाहेरून कोणी तेच हेडर घुसवलं तर प्रॉक्सी ते पुसून स्वतःचं लिहितो ना, हे मात्र बघून घ्या. 'सिक्युअर' बंद करून प्रश्न सुटला म्हणणारी उत्तरं इंटरनेटवर भरपूर सापडतील. त्यांच्या नादी लागू नका.

सेमसाइट आणि ॲपल

दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत कुकी जावी की नाही, हे 'सेमसाइट' ठरवतं. सुरक्षा वाढवायची म्हणून काही जण सेशन कुकीला 'सेमसाइट स्ट्रिक्ट' करतात. वापरकर्ता गूगलच्या साइटवरून तुमच्या कॉलबॅकवर येतो, तेव्हा स्ट्रिक्ट कुकी सोबत येत नाही. त्या सेशनमध्ये ठेवलेली 'स्टेट' (लॉगिन सुरू करताना पाठवलेली आणि परत आल्यावर जुळवून बघायची रँडम खूण) सापडत नाही आणि लॉगिन फसतं. इथे 'लॅक्स' ही सौम्य पातळी पुरेशी आहे.

पण ॲपलचं बटण जोडलं की लॅक्सही अपुरं पडतं. वापरकर्त्याचं नाव किंवा ईमेल मागितलं तर ॲपल उत्तर पोस्ट रिक्वेस्टने पाठवतं, आणि दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टसोबत लॅक्स कुकी जात नाही. त्यासाठी मुख्य सेशन ढिलं करू नका. स्टेटपुरती काही मिनिटं टिकणारी वेगळी कुकी 'सेमसाइट नन' आणि 'सिक्युअर' करून ठेवा.

स्टेट जुळत नाही म्हणून ती तपासणीच कॉमेंट करून टाकणं ही या यादीतली सगळ्यात वाईट चूक. तपासणी नसेल तर हल्लेखोर स्वतःच्या खात्याचा, अर्धवट सोडलेला कॉलबॅक दुवा दुसऱ्याला पाठवू शकतो. समोरचा नकळत हल्लेखोराच्या खात्यात शिरतो आणि स्वतःचा पत्ता, कागदपत्रं तिथेच भरतो. स्टेट ठेवा आणि जोडीला २०१५ पासून उपलब्ध असलेलं पीकेसीईही (कॉलबॅकमधला कोड चोरीला गेला तरी वापरता येऊ नये म्हणूनची तपासणी) लावा.

ईमेल म्हणजे ओळख नव्हे

डेटाबेसमध्ये वापरकर्ता ईमेलवरून शोधणं सोपं वाटतं. पण ईमेल बदलतं, आणि कंपनीचा पत्ता उद्या नव्या माणसाला मिळू शकतो. टोकनमधला 'सब' हा कायम राहणारा आयडी आणि कोणत्या सेवेचा आहे ते नाव, ही जोडी साठवा. २०२३ मध्ये 'एनओऑथ' नावाने उघड झालेली त्रुटी नेमकी इथलीच होती: मायक्रोसॉफ्टच्या अझूर एडी या लॉगिन सेवेत ॲडमिन एखाद्या खात्याच्या ईमेलच्या रकान्यात दुसऱ्याचा पत्ता टाकू शकत होता, आणि त्यावर विसंबणारी ॲप्स त्याला त्या दुसऱ्याच्या खात्यात सोडत होती.

जुनं पासवर्डवालं खातं गूगल लॉगिनला आपोआप जोडतानाही सावध राहा. ते खातं उघडताना ईमेल पडताळलं नसेल, तर ते भलत्यानेच आधीपासून उघडून ठेवलेलं असू शकतं. ॲपलमध्ये आणखी एक खोच आहे: वापरकर्त्याचं नाव फक्त पहिल्या परवानगीच्या वेळी मिळतं. तेव्हा साठवलं नाही तर पुन्हा मागायची सोय नाही.

डिप्लॉय केलं की सगळे बाहेर

एक्सप्रेस-सेशनचा मूळ मेमरी स्टोअर प्रॉडक्शनसाठी नाही, हे तो स्वतः कन्सोलवर सांगतो. प्रोसेस रीस्टार्ट झाली की सगळी सेशन गेली. प्रोसेस चार असतील तर लॉगिन एकीत आणि पुढची रिक्वेस्ट दुसरीकडे. रेडिस किंवा डेटाबेस वापरा. फ्लास्कमध्ये हाच खेळ कुकीवर सही करणारी सीक्रेट की करते: ती कोडमध्ये दर वेळी रँडम बनत असेल तर प्रत्येक वर्करची वेगळी होते आणि वापरकर्ता एका क्लिकला आत, दुसऱ्याला बाहेर.

कुकीतच सगळं ठेवत असाल तर आकार बघा. साधारण ४ केबीच्या वरची कुकी ब्राउझर गुपचूप टाकून देतो, आणि गूगलची टोकनं व प्रोफाइल कोंबलं की ही मर्यादा लगेच गाठली जाते. लॉगिन यशस्वी झाल्यावर सेशन आयडी नव्याने बनवायला विसरू नका.

'इनव्हॅलिड ग्रँट' दिसलं तर आधी बघा, कॉलबॅकचं पान रिफ्रेश झालं होतं का? कॉलबॅकच्या पत्त्यासोबत येणारा कोड एकदाच चालतो. गूगल ड्राइव्हसारख्या परवानग्या घेणारं ॲप बरोबर आठवड्याने बंद पडत असेल, तर ते कन्सोलमध्ये अजून 'टेस्टिंग'वर आहे. तिथे रिफ्रेश टोकन (वापरकर्त्याला पुन्हा न विचारता परवानगी चालू ठेवणारं टोकन) ७ दिवसच टिकतं.

लॉगआउटने फक्त तुमचं सेशन संपतं, गूगलचं चालूच राहतं. सेवा केंद्रातल्या सामायिक संगणकावर पुढच्या माणसाने बटण दाबलं तर तो थेट आधीच्याच खात्यात शिरू शकतो. तुमचं ॲप अशा ठिकाणी वापरलं जात असेल तर विनंतीत 'प्रॉम्प्ट'ची किंमत 'सिलेक्ट अकाउंट' ठेवा, म्हणजे गूगल दर वेळी खातं विचारेल. आधीच्या माणसाला गूगलमधूनही बाहेर पडायला सांगणारी एक ओळ लॉगआउटच्या पानावर लिहा.