बेसबॉलमधली बॅटिंग ॲव्हरेज कशी काढावी

क्रिकेटची सरासरी डोक्यात ठेवून बेसबॉलचे आकडे पाहिले, की .३०० अगदीच किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात ती उत्तम फलंदाजाची खूण आहे. या हिशेबात धावा येतच नाहीत. दहा संधींत तीन वेळा ‘हिट’ मिळाला, म्हणजे स्वतःच्या फटक्यावर फलंदाज किमान पहिल्या बेसवर (धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा) सुखरूप पोचला, एवढाच त्याचा अर्थ.

आधी फलंदाज किती वेळा खेळायला आला ते मोजा. त्यातून मुख्यतः चार गोष्टी वजा करा: चार ‘बॉल’ (फटक्याच्या कक्षेबाहेर टाकलेले, फलंदाजाने सोडून दिलेले चेंडू) मिळून झालेला वॉक, म्हणजे फुकटचा पहिला बेस, चेंडू अंगावर लागून मिळालेला बेस, साथीदाराला पुढे सरकवण्यासाठी बॅट नुसती अलगद लावून, स्वतः बाद होत केलेला सॅक्रिफाइस बंट आणि स्वतः झेलबाद होऊनही संघाला धाव मिळवून देणारी सॅक्रिफाइस फ्लाय. उरतात ते ‘ॲट-बॅट’.

मग हिट मोजा. सिंगल (फक्त पहिल्या बेसपर्यंतचा फटका) असो वा होम रन (एका फटक्यात सगळे बेस पूर्ण), दोन्ही एकेकच. खरी गफलत होते ती पुढे. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे फलंदाज पहिल्या बेसवर पोचला, किंवा त्याला सोडून क्षेत्ररक्षकाने दुसऱ्या धावपटूला बाद केलं, तर ॲट-बॅट धरला जातो, हिट मात्र मिळत नाही. हिट की चूक, हे अधिकृत स्कोअरर ठरवतो.

शेवटी हिटना ॲट-बॅटने भागा आणि दशांशाचे तीन अंक ठेवा.

बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचं १९४१ चं उदाहरण घ्या. हंगामाच्या शेवटच्या दिवसाआधी त्याचे ४४८ ॲट-बॅटमध्ये १७९ हिट होते, म्हणजे .३९९५५, तीन अंकांत बरोबर .४००. बाहेर बसला असता तरी चाललं असतं. तो फिलाडेल्फियात त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला आणि आठपैकी सहा हिट मिळवले. १८५ भागिले ४५६, म्हणजे .४०६! तेव्हा सॅक्रिफाइस फ्लायसुद्धा ॲट-बॅटमध्ये धरत, म्हणून मला हा आकडा आणखी मोठा वाटतो. अमेरिकन आणि नॅशनल या मेजर लीग बेसबॉलच्या दोन लीगमध्ये त्यानंतर कुणी पूर्ण हंगामात .४०० गाठलेलं नाही. १९९४ च्या अर्धवट राहिलेल्या हंगामात सॅन दिएगोचा फलंदाज टोनी ग्विन .३९४ वर थांबला.

वॉक यात मोजत नसल्याने शेजारचा ‘ऑन-बेस पर्सेंटेज’चा (वॉक वगैरे धरून फलंदाज किती वेळा बेसवर पोचला, त्याचं प्रमाण) रकानाही जरूर पाहा. त्या हंगामात विल्यम्सने १४० हून जास्त वॉक मिळवले होते, आणि खेळायला आल्यावर निम्म्याहून अधिक वेळा तो बेसवर पोचला होता.