घरभर चालणारा कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर: तुलना, निवड आणि निगा

गाडीतील किंवा सोफ्यावरील कचरा टिपणारे छोटे यंत्र आणि संपूर्ण घर झाडू शकणारा कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. येथे विचार दुसऱ्या प्रकाराचा आहे, म्हणजे उभ्याने वापरता येईल अशी लांब नळी, मोटरवर फिरणारा ब्रश आणि निदान अर्धा लिटर कचरा मावेल असा डबा असलेल्या यंत्राचा. तारेचे नवे व्हॅक्यूम विकसित करणे थांबवत असल्याचे डायसन कंपनीने २०१८ साली जाहीर केले. त्यावरून तारेच्या यंत्राची आता गरजच उरली नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घराकडे पाहावे. लाद्यांची फरशी, मोजके गालिचे आणि रोजची वरवरची धूळ एवढेच काम असेल, तर कॉर्डलेस यंत्र पुरेसे ठरते. मात्र खोलीभर जाड गालिचा असेल किंवा दिवाळीपूर्वी माळ्यापासून गाद्यांपर्यंत सगळे एका दमात साफ करायचे असेल, तर तारेचे जुने यंत्र मोडीत काढू नये.

तुलना करताना खोक्यावरील सर्वांत मोठ्या आकड्याकडे लक्ष जाते आणि बहुतेकांची फसगत तेथेच होते. तारेच्या यंत्रावर छापलेले १४०० किंवा १६०० वॉट म्हणजे ते यंत्र घेत असलेली वीज होय, कचरा ओढण्याची ताकद नव्हे. कॉर्डलेस यंत्रांवर बहुधा पास्कल किंवा किलोपास्कल लिहिलेले असतात. नळीचे तोंड पूर्ण बंद केल्यावर आतील दाब बाहेरच्यापेक्षा किती कमी होतो, हे तो आकडा सांगतो. परंतु तोंड बंद असताना हवा वाहतच नाही आणि कचरा तर वाहत्या हवेबरोबरच डब्यात येतो. एअर वॉट या मापात दाबातील फरक आणि हवेचा प्रवाह या दोहोंचा गुणाकार असल्यामुळे ते अधिक भरवशाचे आहे. १० किलोपास्कलची ओढ असताना सेकंदाला १० लिटर हवा वाहत असेल, तर १०० एअर वॉट होतात. त्यामुळे २५ किलोपास्कल मिरवणारे यंत्र प्रत्यक्ष फरशीवर १८ किलोपास्कलच्या यंत्रापुढे फिके पडू शकते. एका यंत्राचे पास्कल आणि दुसऱ्याचे एअर वॉट समोरासमोर ठेवून काहीच कळत नाही. माप एकच असावे आणि दोन्ही आकडे एकाच वेगाचे असावेत.

बॅटरीच्या बाबतीत थोडे गणित स्वतः केलेले बरे. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की बॅटरीत साठलेली ऊर्जा वॉट-तासांत मिळते. उदाहरणार्थ, २५.२ व्होल्ट आणि २.५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ६३ वॉट-तास असतात. बूस्टवर, म्हणजे सर्वांत जोरदार वेगावर, मोटर ४०० वॉट घेत असेल तर ही बॅटरी साडेनऊ मिनिटांत संपते आणि १०० वॉटांवर चालवली तर ३७-३८ मिनिटे पुरते. जाहिरातीतील ‘६० मिनिटांपर्यंत’ हा दावा सहसा सर्वांत मंद वेगाचा असतो, आणि तोही मोटरचा ब्रश न लावता केलेल्या चाचणीतला. म्हणून विक्रेत्याला नेमके विचारावे, की मधल्या वेगावर, फिरणारा ब्रश लावून, यंत्र किती मिनिटे चालते. घर झाडायला आपल्याला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दीडपट मिनिटे मिळत असतील तरच ते यंत्र घ्यावे, कारण दोन-तीन वर्षांनी बॅटरीची क्षमता घटलेली असणारच.

ओढ आणि बॅटरी यांच्याइतकेच महत्त्व तोंडाच्या ब्रशला आहे. ताठ केसांचा ब्रश गालिच्यासाठी योग्य असतो. गुळगुळीत फरशीवर तो तांदळाचे, साबुदाण्याचे दाणे मागे उडवतो. लाद्यांसाठी मऊ कापडी रोलर हवा. दुकानात शक्य असेल तर मूठभर रवा आणि थोडे तांदूळ भिंतीलगत सांडून यंत्र सावकाश पुढे न्यावे. दाणे आत जातात की तोंडापुढे ढकलले जातात, लाद्यांच्या सांध्यांतला रवा निघतो का आणि भिंतीच्या कडेला किती पट्टा तसाच राहतो, हे लगेच दिसते. त्यानंतर यंत्र छताच्या पंख्यापर्यंत उचलून मिनिटभर तसेच धरावे. या प्रकारची यंत्रे साधारण अडीच ते तीन किलोंची असतात आणि झाडताना त्यातला काही भार फरशीवर टेकत असल्याने हे वजन फारसे जाणवत नाही. जळमटे काढताना मात्र सगळा भार मनगटावर येतो. काही यंत्रांत खटका सतत दाबून धरावा लागतो. घरात बोटांचे सांधे दुखणारे कोणी असेल, तर एकदा दाबले की चालू राहणारे बटणच घ्यावे, मग त्यासाठी दुसरी एखादी सोय सोडावी लागली तरी चालेल.

दम्याचा किंवा धुळीच्या ॲलर्जीचा त्रास असणाऱ्यांनी फिल्टरची प्रत पाहावी. एच१३ प्रतीचा हेपा फिल्टर अतिसूक्ष्म कणांपैकी ९९.९५ टक्के अडवतो, परंतु यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर त्याचा उपयोग राहत नाही. डबा रिकामा करताना तो पिशवीत खोल धरून उघडावा आणि हे काम घराबाहेर करावे. धुता येणारा फिल्टर निदान २४ तास सुकवायला सांगतात. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात तेवढ्याने तो सुकत नाही आणि ओलसर फिल्टर बसवल्यास दुर्गंधी येते व मोटरलाही धोका पोहोचतो. एक जादा फिल्टर सुरुवातीलाच घेऊन ठेवणे हाच यावर खरा उपाय आहे. रांगोळी, भिंतीला भोके पाडल्यावर पडणारी पूड किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसची धूळ आधी झाडूने भरून घ्यावी, कारण अशी बारीक पूड फिल्टर पाहता पाहता बुजवते. पाणी आणि विस्तव असलेली राख यांना तर यंत्र लावूच नये.

लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात चार्जर उन्हाच्या गॅलरीत किंवा पत्र्याखाली लावू नये आणि बूस्टवर चालवून तापलेले यंत्र थोडे निवल्यावरच चार्जिंगला ठेवावे. बॅटरी घरच्या घरी काढता येते का, नवी कितीला पडते आणि आपल्या शहरात मिळते का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र मागवायचे असल्यास चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेले आहे का ते पाहावे आणि तेथील वॉरंटी येथे चालते का, याची लेखी खात्री करून घ्यावी. निकामी बॅटरी घंटागाडीत टाकू नये, कारण कचऱ्यात ती दबली किंवा फुटली तर पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे तिची टोके चिकटपट्टीने झाकून ती कंपनीच्या सेवा केंद्रात द्यावी.